जी गाडी पिशवी आणते, तिनेच ती परत न्यावी

प्रति,
केळी निर्यातदार, पॅकहाऊसचालक, केळी व्यापारी आणि कृषी केंद्रचालक,
रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा.

विषय : केळीच्या मालासाठी शेतात येणारे प्लास्टिक परत नेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना न लिहिता थेट तुम्हाला का लिहितो आहोत, ते आधी सांगतो. निवेदन देणे आपल्याकडे सोपे काम आहे. पाच-सहा जणांनी जायचे, अर्जावर आवकचा शिक्का मारून घ्यायचा, पायरीवर फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात. आम्ही तेही करून बसलो. शिक्क्याची शाई वाळली, पुढे काही हलले नाही. आणि खरे सांगायचे तर हे काम कचेरीत होणारे नाहीच. ते होईल तुमची गाडी जिथे लागते तिथे, बागेच्या तोंडाशी, घड उतरवून फण्या वेगळ्या करतात त्या मांडवाखाली. तिथे ना तहसीलदार असतो, ना प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस. तिथे तुम्ही असता, तुमचा मुकादम असतो आणि आम्ही असतो.

आम्ही म्हणजे कोण? बहुतेक जण केळीवालेच. बाकीच्यांत गुरे-मेंढ्या वळणारे आहेत, बचत गटाच्या बाया आहेत, दोन-तीन मास्तर आहेत. बऱ्हाणपूरला आज काय भाव फुटला हे आम्हीही सकाळी उठून आधी बघतो. त्यामुळे स्कर्टिंग बॅग, म्हणजे घडावर चढवायची ती पातळ पिशवी, बंद करा, असे काही आम्ही म्हणणार नाही. निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, केळफूल मोडले की घडावर पिशवी चढते. पान घासून सालीवर चट्टे पडत नाहीत, फुलकिडे कमी लागतात, धूळ बसत नाही, थंडीचा फटका थोडा कमी बसतो. पिशवी घातलेल्या आणि न घातलेल्या घडाच्या भावात काय फरक पडतो ते तुम्हीच आम्हाला दाखवून दिले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आखाती देशांत पेट्या जायला लागल्या. या सगळ्यात त्या पातळ निळ्या पिशवीचाही वाटा आहे.

तक्रार तिच्या येण्याबद्दल नाही. येते ती पक्क्या बिलावर, टेम्पोने, गठ्ठे मोजून. जायची वेळ आली की तिला वाली नसतो.

केळीवाला आपली बाग एकरात सांगत नाही, खोडांत सांगतो. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,७४२ खोडे बसतात. पाच हजार खोडांचा शेतकरी म्हणजे आपल्याकडे मध्यमच. त्याच्या बागेत एका पिकाला पाच हजार पिशव्या चढतात आणि पाच हजार उतरतात. शिवाय घडाच्या ओझ्याने खोड आडवे होऊ नये म्हणून बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. टिश्यू कल्चरचे रोप ज्या काळ्या पिशवीतून आले ती पिशवी, खोडागणिक एक. विद्राव्य खतांच्या थैल्या, औषधांच्या बाटल्या, मल्चिंग केले असेल तर तो पेपर. मांडवात फण्यांच्या मध्ये घालायचा फोम, पेटीच्या आत लावायची पातळ पिशवी. ठिबकच्या जुन्या नळ्या तेवढ्या भंगारवाला किलोवर उचलतो, बाकी सगळे शिवारात राहते. तुमच्या गावात किती खोडे आहेत त्याने गुणून बघा. तुमच्या वहीतले आकडे आमच्यापेक्षा चोख असतात.

कापणी तुम्ही रोज बघता. गाडी निघून गेल्यावर मागे काय उरते ते बघायला मात्र कोणी थांबत नाही. मजूर घड आणून मांडवात टेकवतो, पिशवी एका झटक्यात ओढतो आणि मागे भिरकावतो. फण्या सुटतात, तुरटीच्या पाण्यातून निघतात, चांगला माल पेटीत जातो, डागी माल वापतीत, म्हणजे हलक्या मालात, जातो. वापतीतही न बसणारी केळी, तुटक्या फण्या, दांडे मांडवाच्या मागे पडतात. पिशव्याही तिथेच, पट्ट्याही तिथेच, फोम तिथेच, मजुरांच्या चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्याही तिथेच. (गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. तंबाखू आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरायलाच केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी मनाई केली आहे. तरी एकही ढीग पुड्यांवाचून सापडत नाही. तो विषय वेगळा, त्यासाठी वेगळ्या माणसांना पत्र लिहावे लागेल.) संध्याकाळपर्यंत गुडघाभर ढीग होतो. चार-पाच दिवसांत त्यातली केळी पिकतात, वास सुटतो. रस लागलेली पिशवी कुठे संपते आणि केळे कुठे सुरू होते, ते जनावराच्या जिभेला कळत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या एका गायीचे पोट उघडले तेव्हा मी तिचा कासरा धरून उभा होतो. तिने चारा सोडला होता, रवंथ बंद, डावीकडून पोट तट्ट फुगलेले. डॉक्टरांनी तिला उभ्यानेच भूल दिली, डाव्या भकाळीवरचे केस काढले, चीर घेतली आणि खांद्यापर्यंत हात कोटीपोटात घातला. आधी आली ती पट्टी. वीतभर, मग हातभर, मग ओढत राहिले तरी संपेना. तिच्याभोवती पिशव्या इतक्या पिळवटल्या होत्या की विहिरीतून काढलेल्या जुन्या दोरखंडासारखे ते सगळे घमेल्यात पडले. मध्येमध्ये फोमचे तुकडे, त्याला चिकटून न पचलेला कडबा. आणि पिशवीचा निळा रंग मात्र जसाच्या तसा. डॉक्टर म्हणाले, कोटीपोटात गेलेले प्लास्टिक पुढे सरकत नाही, ते तिथेच साठत जाते आणि चाऱ्याची जागा अडवते. जनावर खाते पण अंगी लागत नाही, दूध आटते, मालक अंगारा लावत बसतो. ही गाय वाचली. जी दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत त्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

गायीला निदान मालक असतो. त्या ढिगावर रात्री जे येतात त्यांना तोही नसतो. रानडुकरे येतात, रोही येतात, कोल्हे येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वानरांची टोळी दिवसाढवळ्या येते. वानर केळे हाताने सोलून खाते, म्हणून पिशवी गिळण्याचा धोका त्याला कमी. त्याला धोका आहे तो पट्टीचा. गाठ तशीच ठेवून कापलेल्या पट्टीचा फास होतो, खेळताना तो पिल्लाच्या कमरेत किंवा गळ्यात बसतो, आणि अंग वाढत जाते तशी ती मांसात रुतत जाते. असे एक वानर आमच्या शिवारात फिरत होते. वन खात्याच्या लोकांबरोबर आम्ही बरीच धावपळ केली, पण ते हाताला लागले नाही. नंतर टोळी आली, ते आले नाही. पट्टी कापताना गाठीवर एक विळा मारायला किती वेळ लागतो?

एका व्यापारी मित्राला हे सांगितले तर तो हसून म्हणाला, ‘भाऊ, आपल्याकडे कसले आले वन्यजीव? ते ताडोब्याला.’ त्याला उत्तर द्यायला हवे. यावलच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो १९६९ साली. ज्या रानपिंगळ्याला, घुबडाच्या जातीतल्या पाखराला, जगाने संपला म्हणून सोडून दिले होते, तो १९९७ मध्ये सापडला तो आपल्याच सातपुड्यात, शहाद्याजवळ. त्याच्या आधीची खात्रीची नोंद १८८४ ची. आणि वाघ म्हणाल तर मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याकडे तो चक्क केळीच्या बागांत वावरतो. बाहेरून आलेले लोक हे ऐकून डोळे विस्फारतात, तिथल्या माणसाला त्यात नवल नाही. उन्हाळ्यात रान करपते तेव्हा बागेत सावली असते, ठिबकची ओल असते, आडोसा असतो आणि केळीच्या वासाने आलेली डुकरे असतात. वाघाला आणखी काय लागते? वढोद्याच्या त्या भागात मुक्ताई-भवानी नावाने संवर्धन राखीव क्षेत्रही जाहीर झाले आहे. म्हणजे आपल्या धंद्याची आणि वाघाची हद्द कागदावर वेगळी असेल, जमिनीवर ती एकच आहे.

वाघ पिशव्या खातो असे आमचे म्हणणे नाही. पण तो ज्या डुकरावर जगतो ते डुक्कर आपल्या ढिगावर जगते. ढीग गावाजवळ असला की डुक्कर गावाजवळ येते, आणि डुक्कर आले की त्याच्या मागे बिबट्या येतो, वाघ येतो. रात्रीची लाईट आली म्हणून बारा वाजता बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ढिगाचा प्रश्न प्राणिप्रेमींचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्याच्याबरोबर बागेत जावे.

आता पाण्याकडे येतो. सातपुड्यातून उतरणाऱ्या आपल्या नद्या, सुकी काय, भोकर काय, मोर काय, आठ महिने दगडगोट्यांच्या आणि पावसाळ्यात एका रात्रीत दुथडी. मांडव नाल्याच्या कडेला घालतात, कारण तिथे झाडाची सावली असते आणि गाडी वळवायला जागा असते. पहिल्या पुराबरोबर तो ढीग उठतो. थोडा निर्गुडीला आणि बाभळीला अडकून राहतो, उरलेला तापीत जातो. वरच्या अंगाचे हतनूर धरणाच्या फुगवट्यात थांबते, खालचे पुढे वाहते. हिवाळ्यात हतनूरला चक्रवाक उतरतात, रानबदकांचे थवे बसतात, लोक लांबून दुर्बिणी घेऊन येतात. त्यांच्या फोटोत काठाकाठाने निळ्या रेघा दिसतात, त्या आपल्या आहेत.

‘ती तर कापडाची आहे, कुजून जाईल,’ असे म्हणणारेही भेटतात. दिसते कापडासारखी, पण ती पॉलीप्रॉपिलीन आहे, म्हणजे शुद्ध प्लास्टिक. ती कुजत नाही, उन्हाने कुस्करते. बांधावर एक उन्हाळा पडून राहिलेली पिशवी उचला आणि मुठीत चुरगाळा. मूठ उघडल्यावर तळहातावर निळा भुगा असतो, तो बोटांच्या रेघांत जाऊन बसतो, पँटीला पुसला तर पँटीला चिकटतो. पिशवी आहे तोवर ती वेचता येते. भुगा झाला की संपले. नांगरटीत तो मातीत जातो, पुरात तो पाण्यात जातो आणि मासा त्याला खाणे समजून तोंड घालतो. पायथ्याचा आपला जो गोटाळ पट्टा आहे, जिथे पुराचे पाणी जमिनीत उतरते आणि ज्याच्या जिवावर आपल्या ट्यूबवेल चालतात, तिथेच हा भुगा सगळ्यात जास्त पसरतो आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस घेण्यासारखे फार नाही. बाजारात जी नॉनवोव्हन, म्हणजे कापडासारखी दिसणारी, पिशवी हातात देतात ती ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) पातळ चालत नाही. घडावरची पिशवी तिच्यापेक्षा कितीतरी पातळ असते, पण ती पडली कॅरीबॅग नव्हे. १ जुलै २०२२ पासून कप, काड्या, ताटल्या यांवर देशभर बंदी आली, त्या यादीतही ती नाही. २०२२ सालीच प्लास्टिकचे पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी ठरवून दिली गेली. तुमचे वकील सांगतील की स्कर्टिंग बॅग हे पॅकेजिंग होत नाही. सांगोत बापडे. पेटीतली पिशवी आणि खताची थैली तर होते ना? आम्हाला कोर्टात उभे राहायचे नाही. आम्ही व्यवहाराचे बोलतो आहोत.

आमच्या माणसांनाही बोलायला हवे. बांधावर ढीग करून पेटवून द्यायचा, ही पद्धत आता गावोगाव पडली आहे. संध्याकाळी काळा धूर गावावर येतो, वितळलेले प्लास्टिक मातीवर चिकटून बसते, आणि एकदा तर त्या जाळाने शेजाऱ्याच्या बागेची वाळकी पाने धरली होती. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंड असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच सांगितले आहे. पण दंडाची भीती दाखवून हे थांबणार नाही, कारण शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे. तो विचारतो, ‘जाळू नको तर ठेवू कुठे?’ भंगारवाला या पिशवीला हात लावत नाही. वजनाला हलकी, चिकाने काळी पडलेली, माती लागलेली, त्यात पट्टी आणि फोम मिसळलेला. टेम्पो भरला तरी काट्यावर वजन दिसत नाही.

आणि इथेच तुमचा संबंध येतो. ही पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची आहे. वेगळी ठेवली, कोरडी ठेवली, दाबून गठ्ठा बांधला तर ती पुन्हा वितळवून वापरता येते. चिप्सच्या पाकिटाचे तसे नाही, त्यात थरावर थर असतात आणि ते गावभर विखुरलेले असते. केळीच्या पिशवीची गंमत अशी की पाच हजार पिशव्या एका दिवशी, एका मांडवात, एकाच मुकादमाच्या डोळ्यांसमोर उतरतात. वेचायला कुठे जावे लागत नाही. फक्त मागे भिरकावण्याऐवजी गोणीत टाकायची.

तुम्ही म्हणाल, मजूर ऐकत नाहीत. मग कॅरेटचे कसे ऐकतात? माल कॅरेटमध्ये भरला जातो त्या दिवशी अंधार पडला तरी मुकादम मोबाईलच्या उजेडात कॅरेट मोजतो. दोन कमी भरले तर बागेत परत माणूस पाठवतो, शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत शोध घेतो. आजवर कुठल्या नाल्यात आम्हाला तुमचे कॅरेट वाहून आलेले दिसलेले नाही. कारण कॅरेटला किंमत आहे आणि ती कोणाच्या तरी नावावर लिहिलेली आहे. पिशवीचेही एवढेच करायचे आहे.

म्हणून आमची मागणी अशी. कृषी केंद्राचा टेम्पो गावात पिशव्यांचे, पट्ट्यांचे, खतांचे गठ्ठे घेऊन भरलेला येतो आणि रिकामा परत जातो. त्याने परत जाताना जुन्या पिशव्यांच्या गोण्या न्याव्यात. विकताना गठ्ठ्यामागे काही अनामत घ्या, बिलावर लिहा, गोण्या परत आल्या की पुढच्या बिलात वळती करा. सोड्याच्या काचेच्या बाटल्यांची अनामत आपल्या बापजाद्यांनी दिली-घेतली आहे, नवीन काही शिकायचे नाही. अनामत किती असावी ते तुम्ही ठरवा. आमचे म्हणणे एवढेच की ती इतकी असावी की बांधावर काडी लावताना शेतकऱ्याचा हात थांबेल.

खरेदीदार आणि पॅकहाऊसवाल्यांकडे मागणी वेगळी आहे. कापणीच्या टोळीबरोबर रिकाम्या गोण्या पाठवा, पिशवीची वेगळी, पट्टी आणि फोमची वेगळी. मुकादमाच्या हिशेबात गोणीमागे पाच-दहा रुपये धरा. मांडव उठवताना बाद केळी आणि प्लास्टिक एका ढिगात राहिले नाही, एवढे बघा. नुसते हे एक केले तरी अर्धे संकट टळते, कारण जनावर प्लास्टिकसाठी येत नाही, केळीसाठी येते. बाद केळी वेगळी असतील तर ती गुरांना घालता येतात, खड्ड्यात टाकून खत करता येते, त्यासाठी मागणारे गावात आहेत. पॅकहाऊसवर गठ्ठे बांधायचे साधे दाबयंत्र बसवा. स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत निधीची तरतूद होती. असे केंद्र चालायचे तर त्याला एकाच जातीचा, कोरडा, नियमित माल लागतो. तो या जिल्ह्यात तुमच्याइतका कोणाकडे नाही.

निर्यातदारांना एक शब्द अधिक. तुमच्यापैकी काहींनी आमच्या बागा ग्लोबलगॅपसाठी, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला लागणाऱ्या शेतीच्या प्रमाणपत्रासाठी, नोंदवून घेतल्या आहेत. त्या कागदांत कचऱ्याच्या व्यवस्थेचा रकाना असतो, आम्ही त्यावर सह्या केल्या आहेत. तपासणीच्या आधी दोन दिवस बांध झाडून घेतला जातो हे आपण दोघेही जाणतो. परदेशातला गिऱ्हाईक पुढे कधीतरी विचारणारच आहे. त्याने विचारायच्या आधी खरे काम झालेले असेल तर ते तुमच्याच पेटीवर छापता येईल.

खर्च वाढेल, शेवटी तो भावातून कापला जाईल, अशी भीती आमच्यातच काहींना आहे, आणि ती खोटी नाही. आजवरचा अनुभव तसाच आहे. म्हणून हेही लिहून ठेवतो की अनामत ही अनामतच राहिली पाहिजे, तिची भावातली कपात होता कामा नये. पारदर्शक हिशेब हवा. नाहीतर शेतकरी पुढच्या वर्षी गोण्या भरणार नाही आणि त्याला कोणी दोष देऊ शकणार नाही.

पिशवीला पर्याय नाही का, असेही विचारतात. आमच्या आजोबांच्या वेळी घडावर केळीचीच वाळकी पाने बांधत, आणि सावदा, निंभोरा, रावेर स्टेशनांवर दिल्लीच्या वॅगन भरायच्या तेव्हा प्लास्टिकचे नाव नव्हते. पण ती पाने सालीला घासतात, जाळाला चटकन धरतात, आणि तो माल तुमच्या आजच्या पेटीत बसणार नाही. मागे जा, असे म्हणण्यात अर्थ नाही. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, पालला कृषी विज्ञान केंद्र आहे. जाड कागदाची पिशवी आपल्या उन्हाला आणि वादळी पावसाला टिकते का, किंवा थोडी जाड पिशवी दोन पिकांना वापरता येते का, याच्या चाचण्या आपल्या बागांत व्हाव्यात. शेत आम्ही देतो. त्या चाचणीचा माल तुम्ही नेहमीच्या भावाने उचलाल, एवढी हमी द्या. पट्टीच्या जागी पूर्वीसारखे बांबूचे टेकू काही ठिकाणी चालतील, सगळीकडे नाही, बांबू महाग झाला आहे.

आमच्या बाजूचे काम आम्ही सुरू केले आहे. बचत गटाच्या बाया रस्त्याकडेच्या ढिगांतून पट्ट्या वेचून गाठी कापून ठेवतात. मेंढपाळ मंडळी कापणी झालेल्या बागेत कळप घालण्याआधी निरोप देतात, मग पोरे जाऊन पिशव्या उचलतात. हिवाळ्यात मळ्यात भरताच्या पार्ट्या होतात, जेवण केळीच्या पानावर आणि पाणी प्लास्टिकच्या ग्लासात. तिथे आता घरून तांबे आणि स्टीलचे ग्लास न्यायची पद्धत पाडतो आहोत, थोडी भांडणे होतात, चालायचेच. पण वेचलेल्या गोण्या ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत छतापर्यंत गेल्या आहेत आणि सरपंच रोज विचारतात की खोली कधी रिकामी होणार. उचलणारा नसेल तर वेचणाऱ्याचा उत्साह एका हंगामापुरता टिकतो, हे आम्हाला समजते.

कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागण सुरू व्हायच्या आधी एक बैठक घेऊ. जागा तुमची, एखाद्या पॅकहाऊसवरच बसू म्हणजे मुकादमांनाही बोलावता येईल. चहा आमच्याकडून, पितळी कपबशीत. बैठकीला येताना तीन गोष्टी ठरवून या : अनामत किती, गोण्या कोणाच्या, आणि पहिला टेम्पो कोणत्या वारी येणार. ज्यांना बैठकीपर्यंत थांबायचे नाही त्यांनी आपल्या नेहमीच्या गावातल्या शेतकऱ्याला नुसता निरोप द्यावा. गोण्यांची तोंडे शिवून ठेवली आहेत, पिशवीच्या गोणीवर निळी दोरी आणि पट्टीच्या गोणीवर लाल, भरताना गल्लत होऊ नये म्हणून.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सातपुडा पायथ्याच्या गावांतील केळी उत्पादक, पशुपालक आणि बचत गटांच्या भगिनी यांच्या वतीने,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक